मदत हवी आहे: बेसबॉल कार्डांचा पाच हजारी खोका घेतलाय, बघायचं काय?

घाईतला_एडिसनकर
गराज सेलमध्ये बेसबॉल कार्डांचा पाच हजारांचा खोका ४० डॉलरना मिळाला. विकणारा म्हणाला, आत कुणी हात घातलेला नाही. एकेक नाव सर्च करतोय, डोळे गेले. यातलं महागडं कार्ड झटपट कसं शोधायचं? केन ग्रिफी ज्युनिअर या खेळाडूची बरीच आहेत, एका ठिकाणी त्याच कार्डाला शेकडो डॉलर लावलेत. विकू का? लवकर सांगा, शनिवारी पाहुणे आहेत, टेबल मोकळं करायचंय.

भिंगवाला
कंपनी कुठली, साल कुठलं, ग्रिफीच्या कार्डाचा नंबर काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. साल कळत नसेल तर पाठीवरच्या आकडेवारीची शेवटची ओळ बघा आणि त्यात एक मिळवा. शेवटची ओळ १९८६ची असेल तर कार्ड १९८७चं.

तोट्यातला_शेठ
४० सुटले तरी देव पावला म्हणा. १९८७ ते १९९३ या काळात कंपन्यांनी इतकी छापली की अजून सीलबंद खोके पडून आहेत. रद्दी आहे ती.

घाईतला_एडिसनकर
टॉप्स कंपनीची लाकडी किनारीची भरपूर. रंगीबेरंगी किनारीचीही टॉप्स. फ्लीअर कंपनीची राखाडी पट्ट्यांची, थोडी अपर डेक कंपनीची. काही गठ्ठे चिकटून वीट झालीय.

भिंगवाला
आता बोलता येईल. लाकडी किनार १९८७, रंगीबेरंगी १९९०, राखाडी पट्ट्यांची फ्लीअर १९८९.

आधी विकणारा खरं बोलतोय का ते पाहू. १९८७चा ढीग वेगळा करा आणि नामवंत खेळाडूंची ही कार्डं नंबरावरून शोधा: ३२० (बॅरी बाँड्स), ३६६ (मॅग्वायर), १७० (बो जॅक्सन). शेकडो कार्डांत यातलं एकही नसेल तर खोका चाळलेला आहे, म्हणजे चांगली कार्डं आधीच कुणी काढून घेतलीत. पण चाळणारे नावं बघून उचलतात, पाठ बघत नाहीत. म्हणून तुम्ही नावं सोडा आणि ढिगात वेगळं दिसणारं कार्ड शोधा. सर्च करायची गरजच नाही.

१९८७: सगळी पालथी घाला. साध्या कार्डाची पाठ मळकट पुठ्ठ्याची असते. मध्येच पाठ पांढरीशुभ्र, अक्षरं ठसठशीत आणि पुढून चकाकी दिसली तर ते टिफनी, म्हणजे उंची कागदावरची आवृत्ती. टॉप्सने १९८४ ते १९९१ या काळात हे संच वेगळे काढले. मात्र ते पूर्ण संच म्हणून विकले जायचे, सुट्या ढिगात क्वचित येतात.

१९८९ फ्लीअर: ६१६, बिली रिपकेन. बॅटच्या मुठीच्या टोकावर शिवी लिहिलेली दिसते. कंपनीने नंतर ती वेगवेगळ्या तऱ्हांनी झाकली. काळ्या चौकोनाचं सर्रास मिळतं, पांढऱ्या रंगाने पुसलेलं दुर्मिळ. ३८१, रँडी जॉन्सनही काढून ठेवा, फोटोत त्याच्या मागे मार्लबोरो सिगारेटची पाटी स्पष्ट दिसते का बघा.

१९९०: ४१४, फ्रँक थॉमस. पुढे नाव छापायचं राहिलेलं असेल तर चांदी. नाव खरवडून बनवलेली नकली फिरतात. अस्सल कार्डात काळी शाईच उतरलेली नाही, त्यामुळे नावाच्या चौकटीची बारीक काळी रेघही गायब असते. दहापट भिंगाखाली बघा.

१९९१ टॉप्स निघाली तर पुढच्या बाजूला सोनेरी शिक्का आणि त्यात खजुराचं झाड आहे का पाहा. आखाती युद्धातल्या अमेरिकी सैनिकांसाठी काढलेली डेझर्ट शील्ड ती. यात अनोळखी खेळाडूलाही गिऱ्हाईक मिळतं. नकली शिक्के चिपर जोन्ससारख्या (३३३) नावाजलेल्यांवरच मारतात, कॉमनवर, म्हणजे साध्या खेळाडूच्या कार्डावर, मारून कुणाचं पोट भरणार?

तोट्यातला_शेठ
हे सगळं सापडण्यापेक्षा लॉटरी लागेल. त्यापेक्षा २०११पासूनचे लॉट, म्हणजे एकगठ्ठा विकले जाणारे ढीग, घ्या. टॉप्सच्या पाठीवर तळाशी बारीक अक्षरांत लांबलचक कोड असतो. एकाच सेटच्या साध्या कार्डांचे शेवटचे आकडे सारखे असतात, एखाद्याचे वेगळे निघाले तर फोटो बदललेलं व्हेरिएशन. शिवाय २०११च्या टॉप्स अपडेट संचात माइक ट्राउटचं यूएस१७५ नंबरचं कार्ड शोधता येतं.

भिंगवाला
कोडचं बरोबर, पण त्यांच्याकडे ते खोके नाहीतच. शिवाय नव्या लॉटमधून काढलेलंच जास्त असतं, कारण मोबाइलवर स्कॅन करून निवडणारे वाढलेत.

सावकाश_घ्या
सगळी ग्रेडिंगला पाठवा, म्हणजे फी घेऊन कार्डाच्या अवस्थेला गुण देणाऱ्या कंपनीकडे. दहापैकी दहा आले की भाव कितीतरी पट होतो.

भिंगवाला
अहो, हा सल्ला देऊ नका. दहा न आल्यास फीसुद्धा निघत नाही. अपर डेक १९८९चं पहिल्या नंबरचं ग्रिफी घ्या. छपाईच्या शीटवर ते कोपऱ्यात होतं, त्यामुळे कापताना आणि हाताळताना कोपरे मार खायचे. चारही कोपरे भिंगाखाली टोकदार आणि चौबाजूंची किनार सारखी असेल तरच विचार करायचा.

कोपऱ्यावरची_ताई
बिग फन गमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, रन आणि विकेटवाली. त्यांना काही भाव येतो का?

तोट्यातला_शेठ
ताई, वेगळा धागा काढा. हो, गमवरून आठवलं: टॉप्सच्या पाकिटातही १९९१पर्यंत गम असे. पाठीवरचा गमचा डाग निघत नाही. पाकिटाच्या मेणकागदाचं पुढच्या बाजूला लागलेलं मेण मात्र नायलॉनच्या मोज्याने हलकं घासलं की जातं.

घाईतला_एडिसनकर
विटेचं काय ते सांगा ना. पाण्यात घालू का?

सावकाश_घ्या
फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने सुटतात.

भिंगवाला
पाणी अजिबात नको. फ्रीजरही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि गुळगुळीत थर पुन्हा चिकटतो. गठ्ठा दोन्ही हातांत धरून कमानीसारखा हलका वाकवा, एकदा पुढे, एकदा मागे. कट् असा आवाज येतो आणि कार्डं सुटतात. मध्ये नख घालून ओढलंत की वरच्या कार्डाचा रंग खालच्याला लागतो. हा प्रकार बहुतेक अपर डेकसारख्या चकचकीत कार्डांचा. टॉप्सची वीट झाली असेल तर खोका ओलाव्यात होता, आधी वास घ्या. ग्रिफीचा नंबर राहिला.

घाईतला_एडिसनकर
सगळी ३३६, रंगीबेरंगी किनार. बाँड्स, मॅग्वायर एकही नाही.

भिंगवाला
म्हणजे खोका चाळलेला आहे. ३३६ हे १९९० टॉप्स, साधं असेल तर एकदोन डॉलर. तुम्ही शेकडो डॉलर पाहिलेत ते बहुधा चेहऱ्यावर लाल ओरखड्यासारखा डाग असलेल्याला. तो छपाईचा दोष आहे. विकणारे तोंडाला येईल तो भाव लावतात. ईबेवर ‘सोल्ड’ फिल्टर लावून प्रत्यक्ष किती मिळाले ते बघा. डाग असलेली वेगळी ठेवा, बाकी एकगठ्ठा विका. आणि ४१४ बघितल्याशिवाय १९९०चा ढीग हातचा सोडू नका.

घाईतला_एडिसनकर
४१४ तीन निघाली. नाव तिन्हींवर आहे.

तोट्यातला_शेठ
सांगितलं होतं.

भिंगवाला
पाठी बघितल्या का १९८७च्या?