मदत हवी आहे: एंगेजमेंट रेट काढताना भागायचं कशाने?

मंडळी, एका संस्थेचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेज सांभाळते. दर महिन्याचा रिपोर्ट करताना एकाच जागी गाडं अडतं: एंगेजमेंट रेट, म्हणजे पोस्टला लोकांनी किती टक्के प्रतिसाद दिला ते. समजा फॉलोअर्स 8,000, एका पोस्टचा रीच (म्हणजे ती जितक्या जणांना दिसली तो आकडा) 1,200 आणि लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह सगळं मिळून 96. फॉलोअर्सने भागलं तर 1.2 टक्के, रीचने भागलं तर थेट 8 टक्के. पोस्ट तीच! मला रीचचाच हिशोब पटतो. ज्यांना पोस्ट दिसलीच नाही त्यांना कशाला मोजायचं? पण वरिष्ठांना जुन्या रिपोर्टशी तुलना हवी, आणि ते सगळे फॉलोअर्सवर बेतलेले.

शिवाय लाइक आणि सेव्ह एकाच मापाने मोजायचे का? स्क्रोल करता करता दोनदा टॅप करणं वेगळं आणि 'हे बघ गं' म्हणत मैत्रिणीला शेअर करणं वेगळं. सेव्ह-शेअरला जास्त गुण देणारं कुणी आहे का? किती देता, कशावरून ठरवता?

बूस्ट केलेल्या, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवलेल्या पोस्टचं तर विचारूच नका. विकतचा रीच भागाकारात शिरला की टक्केवारी धाडकन खाली येते. त्या वेगळ्या दाखवता का? कुणाकडे एक्सेलचा तयार साचा असेल तर प्लीज द्या.