तुम्ही कुठला ब्रँड सोडलात, आणि खरंच सुटला का?

मेकअपचं सामान विचार करून घ्यायचं ठरवल्यावर काय काय झालं ते लिहा. उपदेश नको, फजिती चालेल. माझ्यापासूनच सुरुवात करते. पाठीवर ससा छापलेली लाल लिपस्टिक दोन वर्षं व्हीगन समजून वापरली आणि एक दिवस बारीक अक्षरं वाचली तर त्यात सीआय ७५४७०! म्हणजे कार्माइन, कोचिनील किडे वाळवून काढलेला रंग. प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही हे खरंच होतं हो, पण किडा आतच होता. शिवाय ससा काय कुणीही छापतं, लीपिंग बनी म्हणजे प्राण्यांवर टेस्ट नसल्याचं प्रमाणपत्र, त्याचा ससा वेगळा हे तेव्हा कुठे माहीत होतं.

---

माझा लाडका छोटा ब्रँड मोठ्या ग्रुपने घेतला. ब्रँड स्वतः टेस्ट करत नाही, मालकाचं मात्र विचारू नका. २००६ मध्ये लॉरिआलने द बॉडी शॉप घेतलं तेव्हाही हाच वाद झालेला म्हणे. मी सोडला, बहीण म्हणते चांगला ब्रँड खपला तरच मालकाला कळेल ना. अजून भांडतोय.

---

माझी बॉयकॉट लिस्ट "चीनमध्ये विकतात" एवढ्यावरच होती, कारण तिथे आयात मालाला प्राण्यांवरची टेस्ट सक्तीची होती. पण मे २०२१ पासून साध्या कॉस्मेटिक्सना काही अटींवर सूट आहे (हेअर डाय, सनस्क्रीन त्यात नाही). म्हणजे लिस्ट शिळी, आणि मी अजून तीच लोकांना फॉरवर्ड करत होते 🤦

---

शिमरवाली पॅलेट. बोट फिरवलं की जी चमक येते ना ती बऱ्याचदा अभ्रकाची, आणि झारखंड-बिहारच्या बेकायदा खाणींत लहान मुलं ते वेचतात हे वाचल्यापासून बोट लावायला जीव होईना. कंपनीला मेल केला, कुठून घेता? उत्तरात दोन पानं "आम्ही कटिबद्ध आहोत", खाणीचं नाव कुठेच नाही. आता लेबलवर सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट शोधते, ते कारखान्यात बनतं. जुनी पॅलेट टाकली नाही, पैसे तर त्यांना मिळालेच होते. संपवतेय.

---

मी फाउंडेशन सोडलं. माझ्या सावळ्या रंगाची शेड बाकी कुणाकडेच मिळेना, एकात राखाडी दिसायचे, एकात नारिंगी. आठ महिन्यांनी गुपचूप परत घेतलं. मैत्रिणींना अजून सांगितलेलं नाही.