निओपर्ला सापडला म्हणून ओढ्याला १० गुण?

खडकओहोळ: ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी तक्त्यात, म्हणजे पाण्यातल्या किड्यांवरून ओढ्याची स्वच्छता जोखायच्या गुणतक्त्यात, पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लाय या किड्यांना १० गुण आहेत, म्हणजे सर्वांत वरचे. तोच तक्ता सह्याद्रीतल्या ओढ्याला लावायचा आणि त्याच कुळातल्या निओपर्लाचं एक पिल्लू मिळालं की 'पाणी स्वच्छ' लिहून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. तिकडचे याच कुळातले पर्ला, डायनोक्रास गार पाण्यातले. निओपर्ला उष्ण प्रदेशातही पसरलेला. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. साडेसातात भागवणाऱ्याला तिकडचेच गुण का?

तळगोटा: उलटं आहे. पाणी तापलं की किड्याची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पुरवठा घटतो, म्हणजे गाठीशी शिल्लक काहीच नाही. वर थोडं सांडपाणी मिसळलं तरी पहिला बळी याचाच. कल्ले पायांच्या मुळाशी, झुपक्यांसारखे. मेफ्लाय या दुसऱ्या पाणकिड्यासारखे पोटावरचे कल्ले हलवून पाणी खेळवायची सोय नाही. ऑक्सिजन उतरला की पिल्लू गोट्याला धरून चक्क जोर काढू लागतं. ट्रेमध्ये पाणी शिळं झालं की दिसेल.

गाळमोजणी: दोघंही ऑक्सिजनवरच अडलात. वर रस्ता कापला की माती येते, गोट्यांखालच्या फटी बुजतात आणि पिल्लं जातात, मीटर ८ दाखवत असला तरी. आणि मे महिन्यात धार आटलेली असताना 'निओपर्ला नाही, सबब प्रदूषण' हा निष्कर्ष तर कुठेच टिकत नाही.

भिंगवाला: आधी ओळख पक्की करा. दोन शेपट्या दिसल्या की स्टोनफ्लाय म्हणतात, पण इपिओरस हा मेफ्लायही दोन शेपट्यांचाच. १० पट भिंगाखाली पाय बघा: स्टोनफ्लायच्या पायाला दोन नख्या, मेफ्लायच्या एकच. शिवाय पिल्लावरून निओपर्लाची जात सांगता येत नाही, प्रौढ नराची जननेंद्रियं तपासावी लागतात. मग 'ही जात प्रदूषण सोसते' कोणत्या जातीबद्दल म्हणायचं?

खडकओहोळ: नख्यांचं मान्य. पण १० गुणांचं? तक्ता फक्त आहे की नाही एवढंच विचारतो. गावाच्या वर ३ मिनिटं गोटे ढवळून अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीत २० पिल्लं आली, पुलाखाली तेवढ्याच वेळात एक, तरी गुण दोन्हीकडे तेवढेच. ते एक वरून वाहून आलेलंही असेल.

तळगोटा: मग संख्या मोजा, १० कशाला कापता? तिथेही नेमुरिडी या दुसऱ्या स्टोनफ्लाय कुळाला ७ च आहेत. त्यातला नेमुरा सिनेरिया संथ, आम्लधर्मी पाण्यातही राहतो. कुळागणिक फरक त्या तक्त्यात आहेच.

खडकओहोळ: तो फरक तिकडचे ओढे बघून ठरवलेला. इथले कोणी बघितले?