मदत हवी आहे: थ्रॉटल दिला की फोमचं विमान नाक वर करतंय

नमस्कार मंडळी, ६ एमएम डेप्रॉनचं (हलक्या फोम शीटचं) रिमोटवर उडणारं हायविंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकण्यासाठीचं विमान) बनवलंय, विंगस्पॅन ९० सेमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) १८ सेमी, बॅटरीसकट वजन ३२० ग्रॅम. सीजी (तोलाचा बिंदू) लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) ५ सेमीवर आहे म्हणजे कॉर्डच्या साधारण २८ टक्के, त्यामुळे टेल हेवी नसावं असं मला वाटतं. मोटर बंद करून ग्लाइड केलं की अगदी सरळ, शहाण्यासारखं उतरतं, पण थ्रॉटल अर्ध्याच्या वर नेला रे नेला की नाक वर करतं आणि थोडं डावीकडेही ओढतं, मग एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) सतत खाली दाबून धरावा लागतो. डाउन ट्रिम दिला (एलेव्हेटर कायमचा थोडा खाली सेट केला) तर थ्रॉटल कमी केल्यावर डाइव्ह मारतं, म्हणजे ट्रिमचा प्रश्न नाही हे उघड आहे.

माझा संशय थ्रस्ट अँगलवर (मोटर ज्या कोनात ओढते त्यावर) आहे, फायरवॉल (मोटर बसवलेली पुढची पट्टी) आत्ता एकदम शून्य डिग्रीला आहे. मोटर माउंटच्या वरच्या स्क्रूंखाली वॉशर घालून २-३ डिग्री डाउन आणि थोडा राइट थ्रस्ट देऊन बघू का, की आधी विंगचा इन्सिडन्स (बॉडीशी असलेला कोन) तपासू? विंग रबर बँडने बांधलेली आहे, मागच्या कडेखाली फोमची पट्टी सरकवणं त्या मानाने सोपं पडेल.

अजून एक, विंगमध्ये कार्बन रॉड एकच आहे, तोही लीडिंग एजजवळ, आणि जोरात एलेरॉन (विमान कलवणारी पंखाची पट्टी) दिला की मागची बाजू पिळते हे डोळ्यांना दिसतं. ट्रेलिंग एजकडे दुसरा रॉड टाकू की नुसती फिलामेंट टेप पुरेल? वजन वाढवायचं जिवावर येतंय. ज्यांनी असं काही उडवलंय त्यांनी प्लीज सांगा.