केनियात 2008 च्या दंगलीनंतर मिशनवरचं आयुष्य परत रुळावर कसं आलं?

निर्मळची_लेक:
माझी मावशी सिस्टर आहे, आम्ही वसईचे, नर्सिंग करून ती आफ्रिकेत गेली आणि 2007-08 ला पश्चिम केनियातल्या एल्डोरेटजवळ एका मिशनच्या दवाखान्यात होती. जाळपोळीचं सगळ्यांनी विचारून झालंय, ते ती सांगते. मला नंतरचं जाणून घ्यायचंय. म्हणजे डिसेंबर 2007 च्या निवडणुकीच्या निकालावरून दंगल पेटली, मग 28 फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नाननी राष्ट्राध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगांचा समझोता घडवला, सह्या झाल्या, मग दुसऱ्या दिवसापासून या लोकांनी नेमकं काय केलं? मावशी एवढंच म्हणते, "दंगलीत काय करायचं ते कळत होतं गं, शांत झाल्यावर कळेना." तिकडे राहिलेलं कोणी आहे का इथे?

खतवाला_नैरोबी:
मी तेव्हा नैरोबीत खताच्या कंपनीत होतो, पावसाआधी एल्डोरेट, किताले या पट्ट्यात फिरणं असायचंच. मक्याचा प्रदेश आहे तो, मार्च-एप्रिलला पेरणी, आणि त्या वर्षी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं तशीच पडलेली कारण मालक कॅम्पात. घरांच्या नुसत्या भिंती उभ्या, पत्रे गायब. आणि ते पत्रे कुठे गेले तेही लोकांना माहीत असायचं, शेजाऱ्याच्या गोठ्यावर! आता सांगा, त्याच शेजाऱ्याच्या बाजूला रविवारी मिस्साला कसं बसायचं? मे महिन्यात सरकारने 'रुडी न्युम्बानी' (म्हणजे घरी परत जा) नावाची मोहीम काढली, लोकांना ट्रकात घालून गावी पाठवायला लागले, पण बरेचजण दिवसा शेतावर जायचे आणि रात्री झोपायला परत तंबूत. तुमच्या मावशी म्हणतात ती शांतता ही अशी होती.

मावशींच्या दवाखान्याचं मला माहीत नाही पण त्या भागात एचआयव्हीचे पेशंट खूप, रोज गोळ्या घ्यायच्या असतात, आणि लोक जीव घेऊन पळाले ते गोळ्या, कार्ड सगळं मागे टाकून. कोण कुठल्या कॅम्पात आहे, कोण नातेवाईकांकडे दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, हे शोधून परत औषधावर आणणं हे नर्सचं केवढं मोठं काम असेल. बातमीत येत नाही हो हे.

अहमदनगरचा_आनंद:
बिशप कॉर्नेलियस कोरिर यांच्याबद्दल मावशींना नक्की विचार ताई. ते स्वतः कालेंजिन जमातीचे, आणि एल्डोरेटच्या कॅथेड्रलच्या आवारात त्यांनी जे दहा हजारांच्या आसपास लोक ठेवून घेतले ते बहुतेक किकुयू, किबाकींच्या जमातीचे, ज्यांच्यावर तिथे हल्ले होत होते. म्हणजे त्यांच्याच समाजातले लोक त्यांच्यावर चिडलेले. मला त्यांचं नंतरचं काम जास्त मोठं वाटतं, 'अमानी माशिनानी' म्हणायचे त्याला, म्हणजे तळागाळातली शांतता. दोन्ही समाजांना लगेच एकत्र बसवायचं नाही, आधी प्रत्येकाला आपापल्या लोकांत बोलू द्यायचं, शिव्या देऊ दे, रडू दे, मग दोन्हीकडची थोडीच माणसं समोरासमोर, आणि त्यानंतर दोघांनाही लागेल असं एखादं काम काढायचं, रस्ता, शाळा, नाहीतर गुरांना गोचिडांचं औषध लावायचा हौद. गुरं दोघांचीही असतात ना, हौदावर यावंच लागतं. याला महिनोन् महिने लागायचे. कोरिर 2017 मध्ये गेले.

सत्यशोधक_पुणे:
हे सगळं मान्य, पण चर्चची दुसरी बाजूही लिहायला हवी. निवडणुकीच्या वेळी कितीतरी पाळक आणि धर्मगुरू आपापल्या जमातीच्या उमेदवाराकडे झुकले होते, आणि केनियाच्या चर्चेसच्या राष्ट्रीय कौन्सिलने फेब्रुवारी 2008 मध्येच त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यामुळे नंतर शांततेचं बोलायला गेलेल्या प्रत्येक फादर-सिस्टरकडे लोक आधी संशयाने बघत असणार, तू कोणाचा? आणि भांडण फक्त मतांचं नव्हतं, मूळ जमिनीचं. रिफ्ट व्हॅलीत, म्हणजे एल्डोरेट ज्यात येतं त्या भागात, 1992 लाही हेच झालं होतं. तेव्हाच्या विस्थापितांची बाजू घेणारे मिल हिल या कॅथलिक मिशनरी संस्थेचे अमेरिकन फादर जॉन कायझर 2000 साली नैवाशाजवळ रस्त्यावर मरून पडलेले सापडले. मिशनवर राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, हे धरून मावशींचं वाक्य वाचा.

निर्मळची_लेक:
सत्यशोधक, हे मला माहीतच नव्हतं, पण मावशीच्या अल्बममध्ये एका फादरचा पेपरमधला फोटो कापून ठेवलाय, तो कायझर यांचाच आहे का बघते. आणि आनंददादा, हौदाचं वाचल्यावर आत्ताच तिला फोन लावला. ती म्हणाली त्यांच्याकडे दवाखान्याचा बाक होता. आधी दोन बाक लांब लांब ठेवले होते, लोकांनीच ओढून नेलेले, आणि सिस्टर लोकांनी ते जवळ आणायचा आग्रह कधीच धरला नाही, फक्त नंबर एकाच वहीत लिहायचे आणि त्याच क्रमाने आत घ्यायचे, कोणी कितीही ओरडलं तरी. पुढे ती बराच वेळ त्या वहीबद्दलच बोलत होती. रविवारी घरी जाऊन सगळं रेकॉर्ड करून घेणार आहे, कोणाला अजून काही विचारायचं असेल तर शनिवारपर्यंत इथे लिहा.