व्हॉल्व्ह चेंबरमधले लोरा सेन्सर पावसाळ्यात गप्प का बसतात?

पाणीखातं_कोकण
नमस्कार मंडळी. नगरपरिषदेच्या मेन लाइनवरच्या चेंबरांत प्रेशर सेन्सर बसवलेत. लोरा (कमी बॅटरीत लांब पोचणारा रेडिओ), 865–867 मेगाहर्ट्झ, दर 15 मिनिटांनी रीडिंग. सेन्सरांचे सिग्नल पकडून सर्व्हरला देणारा गेटवे टाकीवर, सगळे चेंबर किलोमीटरच्या आत. उन्हाळाभर डेटा व्यवस्थित आला. मृगाचा पाऊस लागला आणि निम्मे गप्प. जे चालू आहेत त्यांचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, डीबीत) -18 च्या घरात. बाजारपेठेतला चेंबर कोरडा असूनही गुरुवारी सकाळी गायब होतो. सप्लायर म्हणतो, सगळे एसएफ12 वर (स्प्रेडिंग फॅक्टर; आकडा जितका मोठा तितका वेग कमी, पोच जास्त) टाकलेत, आता दुसरा गेटवे घ्या. घ्यावा का?

बिडाचं_झाकण
कोटेशन जरा बाजूला ठेवा. आधी सर्व्हरवर फ्रेम काउंटर, म्हणजे प्रत्येक पॅकेटचा अनुक्रमांक, बघा. 412 नंतर एकदम 419 आला, तर पॅकेट हवेत हरवलेत. काउंटर शून्यावर गेला असेल तर सेन्सर रीस्टार्ट होऊन नेटवर्कला पुन्हा जॉइन होतोय, म्हणजे संशय बॅटरीवर. लिथियम थायोनिल क्लोराइड सेल फार काळ पडून राहिला की आत थर धरतो आणि ट्रान्समिटच्या वेळी व्होल्टेज बसतं.

गुरुवारी आठवडा बाजार असतो ना? मग झाकणावर भाजीचा टेम्पो उभा राहून सिग्नल अडवत असणार. जाऊन बघाच.

पावसाचं दुखणं अँटेनाचं आहे. हवेत 35 सेंमीची लहर पाण्यात 4 सेंमीच्याही खाली येते, त्यामुळे बुडालेली अँटेना ट्यूनमध्ये राहतच नाही. वर पाणी सिग्नल शोषतं ते वेगळंच. एसएफ12 ची हद्द -20 एसएनआर. तुम्ही -18 वर आहात, कड्याच्या टोकाला. दुसऱ्या गेटवेने काठावरचे वाचतील, बुडालेले नाहीत.

अँटेना बाहेर काढा. रस्त्याकडेला जीआय पाइपचा खांब, एचडीपीई पाइपातून केबल. केबल जाड आणि आखूड घ्या. आरजी58 ही बारीक अँटेना केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते.

एसएफ_सात
सहमत. शिवाय सगळ्यांना एसएफ12 देणं हा आळस आहे. वीस बाइटचं पॅकेट त्यात पावणेदोन सेकंदांच्या आसपास हवेत राहतं, एसएफ7 ला शंभर मिलिसेकंदही नाही. एसएफ10 वरून 12 वर गेलात की मिळतात 5 डीबी, वेळ जवळपास चौपट, बॅटरीही त्याच हिशोबाने. त्यापेक्षा प्रत्येक पॅकेटमध्ये मागची तीन रीडिंग जोडा. लागोपाठ तीन पॅकेट बुडाली तरी आलेख तुटत नाही.

पाणीखातं_कोकण
टेम्पोच निघाला साहेब, चाक बरोबर झाकणावर. गप्प चेंबरांचे काउंटर उड्या मारतायत, शून्यावर एकही नाही. खांबाचं मुख्याधिकाऱ्यांना सांगतो, पण बाजारपेठेत खांबाला जागा नाही. तिथे बिडाऐवजी स्टील फायबर काँक्रीटचं झाकण टाकलं तर?

बिडाचं_झाकण
नको. त्यातही सिग्नल अडवणाऱ्या स्टीलच्या तारा असतात, शिवाय कडेला लोखंडी पट्टी. एफआरपीचं (फायबरग्लासचं) घ्या; भंगारवाले त्याला हात लावत नाहीत, हा वरचा फायदा. पण वाहन उभं राहणार, तेव्हा लोड रेटिंगचा शिक्का बघूनच घ्या. अँटेना झाकणाच्या पोटाला लावा, चेंबरच्या तळाला नको. टेम्पो तरीही आडवा येईलच, तिथे मागची रीडिंग जोडायची वरची युक्ती वापरा. बाजार उठेपर्यंत पुरतील एवढी ठेवा. आणि केबल ग्लँड (केबल जिथून आत-बाहेर जाते ते पाणीबंद तोंड) चेंबरच्या बाजूच्या भिंतीत, शक्य तितका वर घ्या.