कामावर असताना झालेला रस्ता अपघात: भरपाई मालकाकडे मागावी की टेम्पोच्या विमा कंपनीकडे?

थोरला

माझा धाकटा भाऊ एका ठेकेदाराकडे लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचे काम करतो. वय ३० पूर्ण, पगार महिना १८,००० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये एका इमारतीतले काम आटोपून दुसऱ्या इमारतीतल्या तक्रारीवर स्वतःच्या मोटारसायकलवरून जात असताना त्याला मागून टेम्पोने धडक दिली. उजव्या मांडीचे हाड मोडले, त्यात रॉड घातला आहे आणि तो पाय थोडा आखूड झाला आहे. डॉक्टरांनी तोंडी ३० टक्के कायम अपंगत्व सांगितले आहे. गुन्हा टेम्पोचालकावर नोंदवला गेला आहे, मात्र माझ्या भावानेच अचानक गाडी वळवली असे त्याचे म्हणणे आहे.

ठेकेदाराने रुग्णालयाचे बिल भरले, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. आता मात्र तो एक लाख रुपये देऊ करतो आहे आणि त्याबदल्यात "यापुढे माझी कोणतीही मागणी नाही" असे स्टॅम्प पेपरवर लिहून मागतो आहे. गाडी भावाची स्वतःची असल्यामुळे कायद्याने आपली जबाबदारीच येत नाही, असेही तो सांगतो. ठेकेदाराकडे सहा-सात माणसेच असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नाही. आम्हाला कामगार म्हणूनही भरपाई मागता येईल आणि अपघातग्रस्त म्हणूनही, असे एकाने सांगितले, तर दुसऱ्याच्या मते एकच मिळते. भावाने हेल्मेट घातले नव्हते, त्याचा परिणाम होईल का?

दावेवाला

मी मोटार अपघाताचे दावे चालवतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूला थोडे झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन्हीकडून भरपाई मिळत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६७ नुसार एकाच इजेबद्दल त्या कायद्याखालीही आणि कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याखालीही हक्क निर्माण होत असेल, तर जखमी व्यक्तीला दोहोंपैकी कोणताही एक मार्ग निवडता येतो, दोन्ही नाहीत. एका मार्गाने अर्ज करून रक्कम पदरात पाडून घेतल्यावर ती कमी वाटली म्हणून दुसऱ्या दारात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून अर्ज कोठे करायचा हा निर्णय घाईने घेऊ नका.

दोन्ही मार्गांचा पायाच वेगळा आहे. १९२३ च्या कायद्यात चूक कोणाची हा प्रश्न जवळपास गैरलागू आहे. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली एवढे सिद्ध झाले की मालक जबाबदार ठरतो, मग तुमच्या भावाचीच चूक असली तरी. (नशेत असणे, किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे, असे काही अपवाद आहेत, पण मृत्यू किंवा संपूर्ण कायम अपंगत्व आले असेल तर मालकाला त्यांचाही आधार घेता येत नाही.) मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर कलम १६६ खाली मात्र टेम्पोचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि भावाचाही काही वाटा ठरला तर तेवढे टक्के कापले जातात. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात, पण तुमच्या प्रकरणात ती रक्कम फारच तोकडी आहे.

आकडे मांडून पाहू. कामगार मार्गाने, पगार कितीही असला तरी हिशेबासाठी कमाल १५,००० रुपये धरले जातात. ही मर्यादा जानेवारी २०२० पासून आहे. त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयाच्या ३० व्या वर्षासाठीचा गुणक २०७.९८, म्हणजे संपूर्ण अपंगत्वाला १८,७१,८२० रुपये. कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली असे धरल्यास ५,६१,५४६ रुपये. न्यायाधिकरणात वार्षिक उत्पन्न २,१६,००० रुपये, त्यावर भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,०२,४०० रुपये, त्याचे ३० टक्के ९०,७२० रुपये आणि २६ ते ३० या वयोगटाचा गुणक १७, म्हणजे १५,४२,२४० रुपये. वैद्यकीय खर्च, बुडालेला पगार, वेदना, पुढे रॉड काढण्याची शस्त्रक्रिया हे सगळे याशिवाय. फरक तिपटीच्या आसपास आहे, पण तो टेम्पोचालकाची चूक सिद्ध झाली तरच.

हेल्मेटची फार चिंता करू नका. नियम मोडला म्हणून भरपाई आपोआप घटत नाही. त्या उल्लंघनामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली असा संबंध दाखवावा लागतो. एका दुचाकीवर तिघे बसलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितले. मांडीच्या हाडाचा हेल्मेटशी संबंध कोणी जोडणार असेल तर त्याला शुभेच्छा.

मुदतीकडे मात्र लक्ष असू द्या. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर बसून राहणे शहाणपणाचे नाही. दावा अपघात झाला तेथेच करावा लागतो असे नाही, तुम्ही राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही चालतो.

थोरला

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक शंका राहते. ठेकेदाराने रुग्णालयाचे बिल भरले आहे आणि दोन महिने निम्मा पगारही दिला आहे. हे पैसे घेतल्यामुळे आम्ही कामगार मार्ग निवडला असे ठरेल का?

हजेरीपट

मी बरीच वर्षे कामगार संघटनेत काम करतो, म्हणून याचे उत्तर देतो. असे ठरत नाही. मालकाने आपणहून दिलेली रक्कम आणि कामगाराने अर्ज करून मागितलेली रक्कम यांत कायदा फरक करतो. २०१३ च्या एका प्रकरणात मालकाने मृत कर्मचाऱ्याच्या वारसांसाठी भरपाईची रक्कम स्वतःहून आयुक्तांकडे (१९२३ च्या कायद्याखालचे दावे पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जमा केली होती आणि ती पत्नीने स्वीकारलीही होती, तरीही तिने स्वतः अर्ज केलेला नसल्याने तिने मार्ग निवडला असे म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि न्यायाधिकरणातला दावा चालू दिला. फक्त आधी मिळालेली रक्कम अंतिम भरपाईतून वजा करायला सांगितली. तेव्हा ठेकेदाराने दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार नोंद ठेवा, पुढे ती वजावटीसाठी लागेल.

स्टॅम्प पेपरवर सही करू नका. १९२३ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो आणि कलम २८ प्रमाणे एकरकमी तडजोडीची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच पाहतात. रक्कम अपुरी वाटल्यास आयुक्त नोंद नाकारू शकतात. मग निरर्थक कागदावर सही केल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे, की त्या कागदात "मी घरगुती कामासाठी जात होतो" असे एखादे वाक्य हळूच घातलेले असते आणि पुढे उलटतपासणीत तोच कागद समोर येतो. मजकुरातले पैशाचे आकडे सगळे वाचतात, पहिल्या परिच्छेदातली हकीकत कोणी वाचत नाही.

गाडी कोणाची होती याला महत्त्व नाही. तो एका कामावरून दुसऱ्या कामावर चालला होता, म्हणजे कामाच्या ओघातच होता. सिद्ध करायचे आहे ते एवढेच, की त्या वेळी त्याला त्या इमारतीत पाठवले होते. त्यासाठी तक्रार आल्याचा व्हॉट्सॲप संदेश, आधीच्या इमारतीच्या रखवालदाराच्या वहीतली बाहेर पडल्याची वेळ, लिफ्टच्या देखभाल कार्डावरची त्या दिवशीची सही, हे सगळे आत्ताच गोळा करा. वह्या भरल्या की रद्दीत जातात.

ठेकेदाराची ऐपत नसेल तर आणखी एक दार आहे. ज्या कंपनीने आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून त्याला काम दिले आहे, ती कलम १२ प्रमाणे मूळ मालक म्हणून भरपाईस जबाबदार धरता येते, पुढे ती ठेकेदाराकडून वसूल करो. भाऊ एखाद्या लिफ्ट कंपनीच्या वतीने काम करत असेल तर हे तपासा; केवळ इमारतीच्या सोसायटीला असे धरणे अवघड जाईल. वैद्यकीय खर्चही मालकाने भरणे २००९ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच आहे, तेव्हा बिल भरले हे उपकार नव्हेत.

दावेवाला यांनी एक गोष्ट सांगितली नाही. १९२३ च्या कायद्याखालची रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते आणि महिन्याभरात न दिल्यास त्यावर १२ टक्के सरळ व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो. न्यायाधिकरणातले व्याज साधारणतः दावा दाखल केल्याच्या तारखेपासून धरतात. या कायद्याखाली अर्जाची मुदतही दोन वर्षांची आहे. १९२३ च्या या कायद्याची जागा घेणाऱ्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असल्या, तरी हा अपघात त्याआधीचा असल्याने जबाबदारी जुन्या कायद्यानेच ठरेल, असे माझे मत आहे.

जुना सर्व्हेअर

विमा कंपन्यांसाठी दाव्यांची तपासणी करण्यात माझी नोकरी गेली. वरील दोघांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु "३० टक्के" या आकड्यावर सगळा हिशेब उभा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे.

डॉक्टरांनी सांगितलेले ३० टक्के पायाचे की संपूर्ण शरीराचे, हे विचारा. प्रमाणपत्रात बहुधा एका अवयवापुरता आकडा असतो आणि विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. संपूर्ण शरीराच्या हिशेबाने तो बराच खाली येतो. पण गोष्ट तेथे संपत नाही. न्यायालयाने पाहायचे असते ते कमाईच्या क्षमतेवर काय परिणाम झाला ते, आणि हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये विस्ताराने समजावले आहे. १९७६ च्या एका निकालात डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची कमावण्याची क्षमता शंभर टक्के गेली असे धरले होते, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

तुमच्या भावाचे काम काय आहे? लोखंडी शिडीने गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढणे, खालच्या खड्ड्यात उतरणे, केबिनच्या टपावर उकिडवे बसून तारा तपासणे. आखूड झालेल्या पायाने आणि न वाकणाऱ्या गुडघ्याने यातले काय जमेल, हे डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात येत नाही. ते त्याच्या साक्षीतून आणि सोबत काम करणाऱ्याच्या साक्षीतून आणावे लागते. ज्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली तेच साक्षीला आले तर उत्तम. नुसता प्रमाणपत्राचा कागद दाखल करून डॉक्टरांना न बोलावल्यामुळे निम्म्यावर आलेले दावे मी पाहिले आहेत. अर्थात भाऊ आज ठेकेदाराकडे दुकानातले बसून करायचे काम पूर्ण पगारावर करत असेल, तर त्याचाही विचार होणारच.

मार्ग निवडण्याआधी टेम्पोचे दोन कागद पाहा: अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का आणि चालकाचा परवाना त्या वर्गाच्या वाहनासाठी होता का. परवान्यात दोष असला तरी न्यायाधिकरण बहुधा विमा कंपनीला रक्कम भरून मालकाकडून वसूल करायला सांगते, पण विमाच नसेल तर हातात येतो तो केवळ टेम्पोमालकाविरुद्धचा निवाडा, आणि त्याची वसुली हा वेगळाच त्रास आहे. २०२२ पासून पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्या. घटनास्थळाच्या पंचनाम्यात मोटारसायकलची मागची बाजू, मडगार्ड किंवा मागचा दिवा फुटल्याचे लिहिले असेल, तर "अचानक वळवली" या बचावात फारसे बळ राहत नाही. उलट नुकसान बाजूला असेल, तर मी दावेवाला यांच्याइतका निर्धास्त राहणार नाही. अशा वेळी पाच-साडेपाच लाखांचा खात्रीचा कामगार मार्गही वाईट नव्हे.

पहाटपाळी

मूळ प्रश्नाला धरूनच विचारतो. भाऊ एका कामावरून दुसऱ्या कामावर जात होता म्हणून तो कामावर धरला गेला. तो घरून कामावर निघालेला असता तर?

दावेवाला

पूर्वी याचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थी होते. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई घातल्यावर विमाधारक कामगारांपुरते ते बदलले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात तोच अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लावला. पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेल्या त्या रखवालदाराचा कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर मृत्यू झाला होता. उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई कुटुंबाला पुन्हा मिळाली. मात्र अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. वाटेत भलतीकडे वळलेला माणूस त्यात बसेलच असे नाही.

थोरला, जुना सर्व्हेअर यांचा मुद्दा मला मान्य आहे. आधी पंचनामा आणि टेम्पोचे विमापत्र मिळवा, ती दोन्ही कागदपत्रे घेऊन वकिलांकडे जा आणि सहा महिने संपण्याच्या आत जा. त्या दिवसापर्यंत ठेकेदाराने दिलेले पैसे साध्या पावतीवर "उपचार व पगारापोटी" एवढेच लिहून घ्यायला हरकत नाही.